तीनशेआठ की सातशेआठ

विरेमूच्या तुकडीत एकच जागा उरली होती, आणि ती मोरॅगला हवी होती. ती मिळते की जाते हे ठरवण्यासाठीच तिघं जण टॅनर नदीच्या खोऱ्यात निघाले होते.

काम हिवाळाभराचं होतं. डोंगरमाथ्यावर राहायचं आणि ताहर टिपायचे. कुणा हौशी माणसांनी हे रानबोकड हिमालयातून आणून दक्षिण बेटाच्या पहाडात सोडले, आणि त्यांनी इथलं गवत मुळापासून ओरबाडून डोंगर बोडके करायला घेतले. तेव्हापासून त्यांची संख्या आवरत राहावं लागतं. विरेमूची सगळी हयात याच कामात गेली होती. बुटका, रुंद, बोलायला मऊ आणि निर्णयाला कठीण असा माणूस. मोरॅगचा थोरला भाऊ केल्विन हा त्याचा उजवा हात. मोरॅगचा नेम भावापेक्षा सरस होता. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण आजवर कुणी ती तोंडातून काढली नव्हती.

विरेमूच्या तुकडीत एक नियम होता. सगळ्यांनी एकच काडतूस वापरायचं. कड्यावर एकाच्या गोळ्या संपल्या तर दुसऱ्याच्या खिशातल्या चालल्या पाहिजेत. यंदा तुकडीसाठी नव्या, अगदी हलक्या रायफली घ्यायच्या होत्या, आणि काडतूस कुठलं हेच ठरत नव्हतं. म्हणून विरेमूने नमुन्याच्या दोन रायफली आणल्या होत्या. एक तीनशेआठची, दुसरी सातशेआठची. दोघी शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. काडतुसांचंही तेच. पितळी कवच एकाच घडणीचं. आकडा मोठा असूनही सातशेआठचं तोंड तेवढं जरा आवळलेलं आणि गोळी केसभर बारीक. माराही जवळपास सारखाच. धक्का मात्र सातशेआठचा कमी. जड रायफलीत हा फरक फारसा जाणवत नाही. हलक्या रायफलीत खांद्याला तो चांगलाच कळतो.

"सातशेआठला माझी ना नाही," गाडीतून पिशव्या उतरवता उतरवता केल्विन म्हणाला. "छान काडतूस आहे. बायकांना, पोरासोरांना झेपेल असं."

"झेपण्याचं मी तुला विचारलं का?"

"अगं, तुझ्या भल्याचं सांगतोय. एवढ्याशा रायफलीतून तीनशेआठ झाडलीस तर खांदा हातात येईल. सुरुवातीला वाटतं जमलं म्हणून. मग चाप ओढायच्या आधीच माणूस दचकायला लागतो."

मोरॅगच्या डोक्यात तिडीक गेली. खरं तर तिने दोन्ही रायफली घरामागच्या टेकाडावर झाडून पाहिल्या होत्या, आणि तिला सातशेआठच आवडली होती. पण आता ते बोलायची सोय या माणसाने ठेवली होती का? आवडली म्हटलं की लगेच शिक्का बसणार: बाई आहे, म्हणून आवडली. म्हणजे स्वतःला पटलेली गोष्टसुद्धा हिने भावाच्या परवानगीने पटवून घ्यायची!

तिने तीनशेआठ उचलून खांद्याला अडकवली. "ही माझ्याकडे," ती म्हणाली.

विरेमू गालात हसला. त्याच्याकडे रायफल नव्हतीच, गळ्यात फक्त दुर्बीण. तो परीक्षक होता. त्याचं ते हसणंही मोरॅगला बोचलं.

खोऱ्यातली वाट म्हणजे नदीच. या तीरावरून त्या तीराला, पुन्हा इकडे. बर्फाचं पाणी मांडीपर्यंत, पायाखाली गोटे सरकताहेत. दुपारनंतर झाडी सुरू झाली. शेवाळाने भरलेली खोडं, गुडघाभर चिखल, आणि चढ असा की समोरच्याचे बूट आपल्या तोंडासमोर. झाडी संपली तसं उघडं, पिवळं गवत लागलं. त्यात भाल्यासारख्या पात्यांची ती दुष्ट झुडपं दडून बसलेली असतात. केल्विन एकावर बसला आणि बराच वेळ उभ्यानेच विश्रांती घेत राहिला. मोरॅगला त्या दिवसातलं तेवढंच सुख मिळालं. संध्याकाळी डोंगराच्या धारेखालची पत्र्याची झोपडी आली.

झोपडीत शिरताना रायफली रिकाम्या करायच्या, गोळी आत सरकवणारे बोल्ट काढायचे, गोळ्यांसकट मॅगझिनं वेगळी करून फळीवर ठेवायची, ही इथली रीत. लहान मूलसुद्धा ती मोडत नाही. दोन्ही रायफलींची मॅगझिनं एकसारखी, एकमेकींत बसणारी.

"एकावर चिकटपट्टी लाव," मोरॅग म्हणाली.

"डावं तुझं, उजवं माझं," केल्विन म्हणाला. "डोळे आहेत मला."

सकाळी मोरॅग ओढ्यावरून पाणी घेऊन येईपर्यंत केल्विनने दोन्ही रायफली सज्ज करून दाराबाहेर ठेवल्या होत्या. मॅगझिनंही चढवली होती. "आयतं मिळतंय तर घे," तो म्हणाला. तिने पाहायला हवं होतं. नळी रिकामी आहे एवढं तिने पाहिलं, मॅगझिन काढून पाहिलं नाही. पश्चिमेकडे ढगांची एक लांब कमान उभी राहत होती आणि तिघांनाही घाई होती.

ताहर लवकर दिसले. धारेच्या अलीकडेच, एका खडकाळ खांद्यावर पाच-सहा माद्या आणि त्यांच्यामागे एक मोठा नर. मानेवरची आयाळ वाऱ्याने विसकटलेली, जवळजवळ गुडघ्यापर्यंत लोंबणारी. विरेमूने दुर्बिणीतून पाहिलं आणि बोटाने मोरॅगकडे खूण केली. आता परीक्षा होती.

ती पोटावर सरपटत निघाली. गवत दवाने भिजलेलं, कोपर गारठलेले. खडकाच्या आडोशाला पोचली तेव्हा नर अगदी टप्प्यात होता. आडवा उभा. निवांत. तिने बोल्ट मागे घेतला, पुढे ढकलला. किंचित जड बसला. श्वास सोडला. रायफलीवरच्या दुर्बिणीतला काटा नराच्या खांद्यामागे स्थिर झाला. चाप ओढला.

आवाज विचित्र आला, पोकळ. आणि धक्का? धक्का म्हणावा असा बसलाच नाही!

नर कोसळला नाही. मागच्या बाजूने एकदम खाली बसला, धडपडत उठला आणि तीन पायांवर खडकामागे गेला.

"मार, मार," विरेमू मागून म्हणाला. तिने बोल्ट मागे ओढून रिकामं पितळी कवच बाहेर पाडलं, पण तिच्यासमोर फक्त खडक होता. वरच्या बाजूला असलेल्या केल्विनला नर दिसत होता. त्याने बोल्ट ढकलला. बोल्ट बसेना. पुन्हा ढकलला. हाताच्या टाचेने ठोकला. तेवढ्यात नर धार ओलांडून पलीकडे उतरला.

खाली पडलेलं रिकामं पितळ मोरॅगने सवयीने उचलून खिशात टाकलं. डोंगरावर कचरा सोडायचा नसतो.

"दचकलीस," केल्विन म्हणाला.

"मी दचकले नाही."

"अगं, होतं असं. त्यात लाज कसली? तीनशेआठ आहे ती. मी सांगितलंच होतं."

"धक्का बसलाच नाही, केल्विन. काहीतरी चुकलंय."

"ऐन वेळी कळत नाही धक्का. कुणालाच नाही." त्याचा आवाज समजूतदार होता, आणि तो समजूतदारपणा तिला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

"आणि तुझा बोल्ट?" तिने विचारलं.

"नवी रायफल आहे. घडणीत खोट असणार."

विरेमूने मान डोलावली. "कारागिराला सांगायला हवं," तो म्हणाला. मग मोरॅगकडे न पाहता म्हणाला, "पोरी, हिवाळाभर अशी जनावरं मागे सोडत जाणारं माणूस मला चालत नाही. तुला माहीत आहे."

म्हणजे जागा गेली. एका वाक्यात, तिच्या तोंडाकडेही न पाहता.

पश्चिमेची कमान आता अर्ध्या आभाळावर आली होती. वायव्येचा वारा सुटला की इकडे पाऊस पडत नाही, ओतला जातो, आणि ओढे माणसाला परत येऊ देत नाहीत. विरेमू ते बघत होता. "मागे फिरू," तो म्हणाला.

"जखमी जनावर सोडून?"

"आभाळ बघ."

"बघितलं. तुम्ही फिरा. गोळी माझी होती, मी जाणार."

ती निघालीसुद्धा. जरा वेळाने मागून दोघांच्या बुटांचे आवाज आले. रक्ताचा पहिला थेंब विरेमूलाच दिसला.

पलीकडची बाजू भयंकर होती. सगळा घसारा. एक पाऊल टाकलं की दोन पावलं खाली. दगड सुटायचे, गडगडत जायचे, आणि खाली कुठेतरी धुक्यात त्यांचा आवाज बंद व्हायचा. रक्ताच्या खुणा घसारा ओलांडून कड्याच्या पोटातल्या एका अरुंद पट्टीवर गेल्या होत्या. मोरॅग कड्याला छाती लावून सरकत गेली. मागे केल्विनचा पाय सुटला! तो गुडघ्यांवर आपटला, नखांनी खडक धरून राहिला. विरेमूने त्याची पिशवी धरून त्याला वर ओढलं. पट्टी पुढे जराशी रुंद झाली होती. तिथे तिघं धापा टाकत टेकली.

पुढे जायच्या आधी मॅगझिन पुरं भरून घ्यावं म्हणून मोरॅगने ते काढलं. खिशातलं तीनशेआठचं एक काडतूस घेतलं आणि आत दाबायला गेली. हात थांबला.

आतल्या काडतुसाचं तोंड बारीक होतं.

तिने दोन्ही शेजारी धरली. मग खिशातलं रिकामं पितळ काढलं. तोंड फुगून सरळ झालेलं, काठाला काजळी. बुडावर कोरलेलं होतं: सातशेआठ. तीनशेआठच्या नळीतून तिने केसभर बारीक गोळी झाडली होती. ती गोळी नळीत खडखडत, डुलत गेली असणार. धक्का कुठून बसणार? नेम कुठून लागणार? रायफल फुटून तोंडावर आली नाही हे नशीब.

"केल्विन," ती म्हणाली, "तुझं मॅगझिन काढ."

त्याने काढलं. पाहिलं. त्याच्या कानांपर्यंत रक्त चढलं. तीनशेआठचं जाड तोंड सातशेआठच्या रायफलीत जाणंच शक्य नव्हतं. म्हणून बोल्ट बसत नव्हता.

"डावं, उजवं... फळीवरून उचलताना मी दाराकडे तोंड करून..." तो पुटपुटला.

"गप्प बस." तिने दोन्ही काडतुसं त्याच्यासमोर धरली. "तुझा बोल्ट अडकला तेव्हा खोट रायफलीत. माझी गोळी भरकटली तेव्हा खोट माझ्यात. एकानेही रायफल हातात घेऊन पाहिली नाही. धक्का बसला नाही म्हणून मी ओरडून सांगत होते, तर मला समजावत होतास. आणि विरेमू, तू? तुझी सगळी हयात यात गेली ना?"

विरेमूने डोळे खाली वळवले. मग बोट दाखवून तो म्हणाला, "समोर बघ."

घळीच्या पलीकडे, एका टीचभर कपारीत नर उभा होता. मान खाली, पाठ कमानीसारखी. मागचा पाय लोंबत होता. ढग त्याच्या शिंगांना शिवत होते. काही क्षणांत तोही दिसला नसता.

मोरॅगच्या नजरेसमोर केल्विनने दोन्ही रायफलींत मॅगझिनं आपापल्या जागी चढवली. मग त्याने तीनशेआठ तिच्यापुढे धरली. "घे. तुझी रायफल. आता योग्य गोळी आहे, एका फटक्यात खाली येईल." त्याला चूक भरून काढायची होती, हे दिसत होतं.

मोरॅगने त्या रायफलीकडे पाहिलं. घ्यावी आणि दाखवूनच द्यावं, असं तिच्या सगळ्या अंगात उसळत होतं. मग तिने घळीपलीकडे पाहिलं. जागा अशी की झोपता येत नव्हतं; बसून, गुडघ्यांवर कोपर टेकून मारायचं. वारा झोताझोताने येत होता. एक गोळी पुरेल याची खात्री नव्हती. तीनशेआठ अशा बैठकीत उसळली असती, दुर्बिणीतून जनावर निसटलं असतं, आणि ते पुन्हा सापडेपर्यंत ढग आला असता. सातशेआठ जागेवर राहिली असती. त्या बोकडाला तिच्या मानापमानाशी काय देणंघेणं होतं?

"ती नको," ती म्हणाली. "सातशेआठ दे."

केल्विनने तोंड उघडलं.

"एक शब्द बोललास तर खाली ढकलीन."

त्याने निमूटपणे रायफल बदलून दिली. मोरॅग बसली. टाचा दगडांत रोवल्या. वाऱ्याचा झोत आला, गेला. काटा थांबला.

गोळी सुटली! दुर्बीण जराशी हलली, आणि गोळी लागलेली तिने स्वतः पाहिली. नर गुडघ्यांवर आला. पुन्हा उठू लागला. तिचा हात आधीच बोल्टवर होता. दुसरी गोळी! नर तिथेच आडवा झाला. त्याने डोकंही उचललं नाही.

मग सावकाश, आपल्याच वजनाने, तो कपारीवरून घसरला आणि घळीत गेला. खाली पडल्याचा आवाज वाऱ्यात ऐकूही आला नाही.

"शिंगं," केल्विन हळूच म्हणाला. "अशी शिंगं मी पाहिली नव्हती. उद्या दोर घेऊन आलो तर..."

"नाही," मोरॅग म्हणाली. "त्याचे हाल संपले, आपलं काम झालं." शिंगांवर तिचाही जीव होता. पण दोन माणसांनी जीव टांगावा एवढा नव्हता.

आणि पाऊस आला. थेंब नव्हेतच, दोर! घसाऱ्यावरून पाण्याचे लोट सुटले. धार ओलांडून ते झोपडीअलीकडच्या ओढ्याशी पोचले तेव्हा सकाळी ओलांडताना बुटाच्या घोट्याला लागलेलं पाणी कमरेच्या वर गढूळ होऊन धावत होतं. रात्र बाहेर काढली असती तर गारठून मेले असते. तिघांनी वाहून आलेला झाडाचा एक लांब फाटा आडवा धरला, हात त्यात गुंतवले आणि एका रांगेत पाण्यात उतरले. केल्विन प्रवाहाच्या अंगाला. मधोमध त्याचे दोन्ही पाय उचलले गेले! फाटा हिसकला. मोरॅगने त्याच्या पिशवीचा पट्टा मुठीत पकडला आणि सगळं वजन मागे टाकलं. खांद्यातून कळ निघाली. विरेमू खालून भिंतीसारखा उभा राहिला. केल्विनचा एक पाय गोट्याला लागला, मग दुसरा. तिघं पलीकडच्या गवतात हातांवर, गुडघ्यांवर चढली.

झोपडीत शेगडी पेटली. हरणाच्या मांसाचे सॉसेज परतले, डब्यात चहा उकळला. ओले कपडे दोरीवर टांगून तिघं ब्लँकेटं गुंडाळून बसली.

"जागा तुझी," शेवटी विरेमू म्हणाला.

मोरॅगने कप खाली ठेवला. "ते पितळ मी उचललं नसतं तर?"

विरेमूने विचार केला. "तर नसती दिली," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे माझ्या शब्दाला पितळेच्या एका तुकड्याएवढीही किंमत नव्हती."

"आज सकाळी नव्हती. माझं चुकलं." त्याने ते सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं. "जागा घेणार की नाही?"

"घेणार. सोडीन कशाला? माझीच आहे." तिचा राग गेला नव्हता आणि घालवायची तिची इच्छाही नव्हती. "पण तुकडीत यापुढे कुणाचीही गोळी चुकली, तर आधी रायफल तपासायची. मग माणूस. कुणीही असो."

"कबूल. आणि काडतूस? दोन्ही रायफली तूच झाडल्यास. तूच सांग."

केल्विनने मान वर केली. मोरॅगला वाटलं, हा आता बोलणार. उलट त्याच्या तोंडावर तिला भलतंच काहीतरी दिसलं. आशा म्हणावी असं. तिला ते समजेना.

शर्ट उलटवायला ती दोरीपाशी उठली. केल्विनचा लोकरी शर्ट, शिकारीला तो वर्षानुवर्षं हाच घालायचा, बाकी सगळा वाळत आला होता. उजव्या खांद्याशी मात्र ओलाकिच्च. तिने हात लावला. आत काहीतरी जाड होतं. तिने शर्ट उलटा केला.

आतून खांद्यावर एक जाड लोकरी मोजा, दुहेरी घडी घालून, नीट बारीक टाक्यांनी शिवलेला होता. टाके जुने होते. काही उसवलेले आणि पुन्हा घातलेले.

"हे काय आहे?"

"थंडीसाठी," केल्विन म्हणाला.

"एकाच खांद्याला वाजते थंडी?"

विरेमू खो खो हसायला लागला. केल्विनने ब्लँकेट वर ओढलं, पण उशीर झाला होता. शेगडीच्या उजेडात त्याच्या उजव्या खांद्यावरचा जुना, पिवळा-निळा डाग तिने पाहिला. जुन्या रायफलीतून महिनोन्‌महिने झाडलेल्या तीनशेआठचा.

"सहन होत नाही ती," तो शेगडीकडे बघत म्हणाला. "कधीच झाली नाही. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात माझे. पण सांगायचं कुणाला? आपणच सगळ्यांना हसलेलो."

"सगळ्यांना नाही," मोरॅग म्हणाली. "मला. खांद्याला मोजा शिवून तू इतकी वर्षं मला हसत होतास."

त्याने मान हलवली. होय म्हणून. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून ती आणखीच चिडली. या माणसाच्या भीतीचं ओझं तिने वाहिलं होतं, आणि वर बोल तिलाच लागला होता! कमरेचा सुरा काढून तिने एकेक टाका उसवला. मोजा मोकळा झाला तसा शेगडीचं दार उघडून आत टाकला. ओली लोकर चरचरली, घाण वास सुटला, मग पेटली.

"विरेमू," ती म्हणाली, "सातशेआठ. सगळ्यांना. आणि लोकांनी विचारलं की तुकडीने हे काडतूस का घेतलं, तर ते केल्विन सांगेल."